अठरावी बाटली

शहापुरात केदारीला लोक 'दुर्बिणवाला' म्हणायचे. कॅम्पातल्या एका इस्पितळाच्या मागच्या खोलीत काचा धुवायला लागलेला हा विणकराचा पोरगा. बारा वर्षांत काचेवर रंग चढवायला शिकला, दुर्बिणीला डोळा लावून जंतू ओळखायला शिकला. आणि नाक वर करून चालायला तर त्याला कुणी शिकवावंच लागलं नाही. शहापूर सांगली संस्थानातलं, कॅम्प इंग्रजांचा. सकाळी हद्द ओलांडली की याची मान ताठ व्हायची ती संध्याकाळी घरी परतला तरी वाकायची नाही. भाकरी खायला बसला तरी आधी ताटाला बोट लावून बघायचा, आणि बघून झाल्यावर ओरपायचा सगळ्यांसारखाच.

घरात चार माणसं. म्हातारी आई बायाक्का, धाकटा भाऊ यल्लाप्पा, त्याची बायको जयाबाई, आणि हा. याची स्वतःची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच प्लेगात गेली, नंतर यानं दुसरी केली नाही. बाप वारल्यावर घरातला थोरला पुरुष हाच. माग चालवायचा यल्लाप्पा, पण मागाचा मान याच्याकडे. सणाला मागाची पूजा हाच करायचा, आणि 'हे समदं अडाणीपण हाय' असंही हाच म्हणायचा. दोन्ही एकाच तोंडानं!

जयाबाईची तीन बाळं गेली होती. जन्मली तेव्हा तिन्ही ठणठणीत. सहाव्या-सातव्या दिवशी बाळ प्यायचं थांबायचं, जबडा बसायचा, पाठ धनुकलीसारखी वाकायची, आणि आठव्या दिवशी सगळं संपायचं. बायाक्काचा निकाल लागलेलाच होता. सून पांढऱ्या पायाची! खुद्द बायाक्काला आठ झाली होती आणि त्यातली दोन जगली होती. पण तिचा हिशेबच वेगळा. जगली ती दोन मागाच्या पुण्याईनं, आणि गेली ती सहा सटवाईच्या कोपानं. म्हातारीच्या पदराला कधी डाग म्हणून लागायचा नाही. आता जयाबाईला चौथ्यांदा दिवस गेले होते, आणि बायाक्कानं येळ्ळूरची एक पोरगी हेरून ठेवली होती. हेही गेलं तर जयाबाईला वडगावला माहेरी पोचवायचं आणि येळ्ळूरची आणायची, असं तिनं जयाबाईच्या देखत, तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं होतं. यल्लाप्पा मागावर बसून धोटा फेकत राहिला. बायकोसाठी तोंड उघडायचं असतं हे त्या बापड्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

केदारीचा निकाल वेगळा होता, पण तोही लागलेलाच. दोषी सुईण. राजाबाई सुईण साठीची बाई. गालात निपाणीची तंबाखू, नखं काळी, आणि कमरेला एक जुना विळा. शहापुरातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, केदारी स्वतःही तिच्याच. पण इस्पितळातल्या माणसानं असलं काही लक्षात ठेवायचं नसतं.

"ती म्हातारी मारतीया पोरं," तो आईला म्हणायचा. "तिच्या नखात काय काय आसंल, तुला दिसत न्हाय. मला दिसतंय."

दुर्बीण न लावताच याला दिसत होतं बघा! एवढा तयार डोळा सरकारदरबारी तरी कुणाचा असेल?

त्याच पावसाळ्यात कॅम्पातल्या तबेल्याजवळ दोन शिपायांना पायात खिळा घुसून धनुर्वात झाला आणि दोघेही दगावले. वरून कागद आला. मग डॉक्टरसाहेबांना जाग आली, कारण कागद आल्याशिवाय जागं व्हायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी केदारीला बोलावलं.

"धनुर्वाताचा जंतू कुठं कुठं राहतो ते बघायचंय. लीद, शेण, माती, गाळ, जे मिळेल ते आण. आणि नीट ऐक. हा जंतू हवेत वाढत नाही. हवा लागली की याची वाढ खुंटते. म्हणून तो कवच पांघरून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि जिथं हवा पोचत नाही तिथं उठून बसतो. खोल जखमेत, नाळेच्या मेलेल्या तुकड्यात."

नाळ हा शब्द ऐकला आणि केदारीचे कान टवकारले.

काम मोठं किळसवाणं. बकऱ्याच्या मांसाचे बारीक तुकडे शिजवायचे, रश्श्यासकट बाटलीत भरायचे, त्यात चिमूटभर माती किंवा शेण टाकायचं. मग बाटली बराच वेळ कढत पाण्यात धरायची, म्हणजे बाकीचे सोम्यागोम्या जंतू मरतात आणि कवचवाले तेवढे उरतात. वरून पातळ मेणाच्या तेलाचा जाड थर ओतायचा, की हवेची वाट बंद. चार दिवस उबेत ठेवली की बाटली अशी घाण मारायची की डॉक्टरसाहेब दाराबाहेरूनच चौकशी करायचे. मग थेंब काचेवर घ्यायचा, वाळवायचा, रंग चढवायचा आणि दुर्बिणीखाली धरायचा. सापडला तर बारीक जांभळी काडी दिसायची आणि तिच्या एका टोकाला गोल गाठ. थेट ढोलाचं टिपरू.

केदारीनं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ठळक अक्षरात. एक, तबेल्याची लीद. दोन, सांबऱ्याच्या शेतातली माती. तीन, काकतीच्या तळ्यातला गाळ. असं करत करत तो स्वतःच्या घराशी आला. चौदा, आमच्या गोठ्यातलं शेण. पंधरा, मागाचा खड्डा, कारण विणकर ज्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या मारतो तो शेणानं सारवलेला असतो. आणि मग सोळा आणि सतरा. त्यांच्यासाठी तो मुद्दाम राजाबाईच्या दारात गेला.

"नखं दे," तो म्हणाला.

"का रं? पायजेत कशाला?"

"दुर्बिणीत बघनार हाय. आनी त्यो इळा पन दे."

राजाबाई हसली. तिनं पुढं केलेल्या हाताची नखं त्यानं कातरीनं कापली, विळ्याच्या पात्यावरून ओला कापूस फिरवला.

"इळा बघून काय करनार बाबा? चुलीत लाल केल्याबिगार माज्या आयनं त्यो कवा नाळंला लावला न्हाय, आनी मी बी न्हाय."

केदारीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. चिठ्ठ्या लिहिल्या. 'सोळा, राजाबाई, विळा. सतरा, राजाबाई, नखं.' ही दोन नावं त्यानं इतकी ठसठशीत लिहिली की बाकीच्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढं फिकट दिसायला लागल्या.

पाचव्या दिवशी दुर्बीण लावली. लिदीत टिपरीच टिपरी. सांबऱ्याच्या मातीत थोडी, काकतीच्या गाळात एखाददुसरं. गोठ्याच्या शेणात भरपूर, मागाच्या खड्ड्यात तर जत्रा भरलेली. मग त्यानं हात चोळत सोळा नंबरची काच घेतली.

काही नाही. सतरा. तिथंही दुसरेच जंतू, पण टिपरू एकही नाही.

भला माणूस दुर्बिणीवर चिडला! भिंग पुसलं, आरसा फिरवला, रंग बदलला. पुन्हा राजाबाईकडे गेला, पुन्हा नखं आणली, पुन्हा चार दिवस घाण सोसली. पुन्हा काही नाही. चुलीतली राख, हळदीचं तेल, राजाबाई बाळाला लावते ते सगळं नवा आकडा न देताच बघून झालं, सगळं कोरं. तिसऱ्यांदा तो तिच्या दारात उभा राहिला तेव्हा म्हातारीनं तंबाखू थुंकली आणि हात मागं घेतला.

"आता बोटंच काप की! किती येळा येतोस रं? लेका, समद्यांचं घेतलास. गुरांचं घेतलास, चुलीचं घेतलास, माजं तर दोनदा घेतलास. तुज्या हातचं कवा घेतलास?"

"माज्या हातचं काय?"

"बाळाची नाळ बांदायला दोरा कोन देतंय मला?"

केदारी वळला. चप्पल घालायचीही विसरला, तसाच घराकडे निघाला.

त्या घराची एक रीत होती. सुनेला पाचवा महिना लागला की घरातल्या थोरल्या पुरुषानं मागावरचं लुगडं उतरवताना उरलेल्या दशीचे चार दोरे काढायचे, मातीच्या बोळक्यात ठेवायचे, बोळक्याचं तोंड शेणानं लिंपायचं आणि ते मागाच्या खड्ड्यात पावडीखाली पुरायचं. चार महिने मागाच्या पोटात दोरा, आईच्या पोटात बाळ. बाळ आलं की त्याच पुरुषानं एकट्यानं खड्ड्यात उतरून बोळकं काढायचं आणि दोरा सुपात घालून उंबऱ्यावरून सुईणीला द्यायचा. त्या दोऱ्यानं नाळ बांधली की पोर मागाचं होतं, असं म्हणायचे. आजानं केलं, बापानं केलं, आणि बाप गेल्यावर तीन वेळा केलं ते या दुर्बिणवाल्यानं. सगळ्या रीतींना हसणारा हा माणूस ही एक रीत मात्र आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून पाळायचा, कारण इथं थोरलेपणाचा मान मिळत होता. या खेपेचं बोळकंही त्यानं दोन महिन्यांपूर्वीच पुरलं होतं.

यल्लाप्पा बाजारात गेला असताना केदारी खड्ड्यात उतरला. बोळक्याचं तोंड फोडलं. कुबट वास आला. दोऱ्याचा बोटभर तुकडा कापून कागदात घेतला, बोळकं होतं तसं लिंपून परत पुरलं. ही अठरावी बाटली. हिच्यावर त्यानं नुसता आकडा लिहिला, नाव नाही.

शेण लिंपलेलं, हवा बंद, ओलसर, उबदार. डॉक्टरसाहेब मेणाचं तेल ओतून जे करत होते, ते हे घर तीन पिढ्या भक्तिभावानं करत आलं होतं. काचेवर टिपरी इतकी होती की मोजायला जागा नव्हती.

"दिसलं म्हणजे ओळखलं असं नाही," डॉक्टरसाहेब दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाले. "या तोंडवळ्याचे आणखी दोघेतिघे आहेत. उंदराला विचार."

उंदराच्या मागच्या पायात एक थेंब टोचला. दुसऱ्या दिवशी तो पाय लाकडासारखा ताठ झाला, मग शेपूट ताठ, मग पाठ वाकली. ती वाकलेली पाठ केदारीनं याआधी तीनदा पाहिली होती, जयाबाईच्या मांडीवर.

"अठरा नंबर कुठला रे? चिठ्ठीवर काहीच नाही."

"रस्त्यावरची माती, साहेब," केदारी म्हणाला.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ हजारपट मोठं करून बघणारा हा माणूस, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ रस्त्यावर टाकून मोकळा झाला. घरी येऊन सांगायचं, तर पहिला प्रश्न येणार होता की दोरा दिला कुणी. आणि त्या प्रश्नाला दुर्बिणीत उत्तर नव्हतं. तेव्हा त्यानं ठरवलं की पोर वाचवायचं, पण तोंड उघडायचं नाही. दोन महिने तो रोज जयाबाईनं थापलेली भाकरी खात होता. ती भाकरी वाढायची आणि पदर पुढं ओढून मागं सरायची, कारण थोरल्या दिरापुढं बोलायचं नसतं. तिचे डोळे रडून सुजलेले असायचे. बायाक्का येळ्ळूरच्या पोरीचं कौतुक सांगत असायची. आणि हा आणखी आमटी मागायचा!

दिवाळी उलटली आणि एका दुपारी जयाबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. राजाबाई आली, विळा चुलीत घातला. बाळ रडलं तसं बायाक्कानं सूप पुढं केलं. "केदारी, दोरा काढ बाबा."

तो मागाच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. खड्ड्यात उतरला, खुरप्यानं दोनदा माती खरवडल्याचा आवाज काढला, आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तीत इस्पितळातल्या वाफेच्या डब्यात तासभर शिजवलेला दोरा होता. तो पुडीसकट सुपात ठेवला.

"ह्ये कागूद कशाला?" बायाक्कानं विचारलं. "आनी दोरा लई पांढरा दिसतोय गं बाई."

"पुण्याईचा हाय," केदारी म्हणाला.

राजाबाईनं पुडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, हात साबणानं धुतले आणि आत गेली.

सहावा दिवस गेला. सातवा गेला. जयाबाई बाळाच्या जबड्याला बोट लावून बसलेली असायची, झोपायची नाही. आठव्या दिवशी बाळ असं कचाकचा प्यालं की तिच्या तोंडून हुंदकाच फुटला. मुलगी होती. बायाक्काला मुलगा हवा होता, पण जगलेली मुलगी मेलेल्या मुलापेक्षा बरी एवढी अक्कल तिला होती.

बाराव्या दिवशी बारसं. गल्ली जमली. बायाक्का नऊवारी सावरत सांगत सुटली. "आमच्या मागानं तारलं बघा! पयली तीन ह्या राजीच्या हाताला लागून गेली. ह्या खेपंला केदारीनं तिला धाकात ठेवलं, इळा तपासला, नखं तपासली. आमच्या दोऱ्याची पुण्याई मोठी, म्हनून पोर जगलं." सुईणीचा चोळीचा खण असतो, तो तिनं पुढंच आणला नाही. राजाबाई उंबऱ्याशी बसली होती. तिनं केदारीकडं बघितलं. केदारी घुगऱ्या खात होता.

मग पलीकडच्या गल्लीतला सिद्राम विणकर पुढं आला. त्याच्या सुनेचीही दोन बाळं आठव्या दिवशी गेली होती आणि तिला आता आठवा महिना होता. त्यानं हात जोडले.

"आक्का, आमच्या घरात ही रीत न्हाय. तुमच्या मागातलं बोळकं उरलं आसंल तर द्या आमास्नी. न्हाईतर कसं पुरायचं त्ये तरी सांगा. आमी बी पुरतो."

"देतो की! केदारी, काढून दे रं बोळकं. पुण्याचं काम हाय."

केदारीच्या हातातल्या घुगऱ्या सांडल्या. तो उठला, मागाच्या खोलीत गेला. खड्ड्यात खरं बोळकं होतंच, तोंड लिंपलेलं, आत दोरा. ते हातात घेऊन तो बाहेर आला आणि सिद्रामनं पसरलेल्या उपरण्यासमोर उभा राहिला. सिद्राम हसत उपरणं आणखी पुढं करत होता.

"न्हाय," केदारी म्हणाला. "ह्यो दोरा कुनी बांदू नगा. आमची तिन्ही ह्या दोऱ्यानंच गेली. मी काचेवर बघितलंय, उंदराला टोचून बघितलंय. राजाबाईच्या हातात काय नव्हतं. पोरीला बांदला त्यो कॅम्पातला शिजवलेला दोरा हाय." आणि मग हळू आवाजात, "ती तीन पोरं माज्या हातानं गेली."

बायाक्का खाली बसली. यल्लाप्पा भावाकडं बघत राहिला, त्याचं तोंड तेव्हाही उघडलं नाही. सिद्रामनं उपरणं मागं ओढलं.

तेव्हा पाळण्यापाशी बसलेली जयाबाई उठली. नऊ वर्षांत ती थोरल्या दिरापुढं एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला नाही.

"अण्णा, तुमास्नी ह्ये कवा कळलं?"

"दोन... दोन म्हैनं झालं."

"दोन म्हैनं," जयाबाई म्हणाली. "दोन म्हैनं मला पांढऱ्या पायाची म्हनत हुते, येळ्ळूरची पोरगी बघत हुते. ह्येबी मरनार म्हनून मी पोटावर हात ठेवून बसत हुतो. आनी तुमी माज्या हातची भाकरी खाल्लासा. रोज खाल्लासा, अण्णा."

तिला आलेल्या ओटीतला सगळ्यात चांगला खण तिनं उचलला, उंबऱ्याशी जाऊन राजाबाईच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. राजाबाईनं तिला उठवलं. केदारीकडं कुणी बघितलं नाही. बोळकं त्याच्या हातातच राहिलं होतं.

सोमवारी कॅम्पात डॉक्टरसाहेब वर पाठवायच्या कागदावर बाटल्यांची नावं उतरवत होते. केदारीनं अठराव्या बाटलीची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि नवी लावली. डॉक्टरसाहेबांनी चष्मा वर करून ती वाचली.

'अठरा. नाळेचा दोरा. देणारा, केदारी.'

"रस्त्यावरची माती म्हणाला होतास ना?"

"खोटं बोललो, साहेब."

डॉक्टरसाहेबांनी कागदावर 'नाळेचा दोरा' एवढंच उतरवलं. वरच्या साहेबाला देणाऱ्याच्या नावाशी काय करायचंय, असं म्हणाले. केदारी तिथंच उभा राहिला.

"नाव पन लिवा, साहेब," तो म्हणाला. "सोळावर आनी सतरावर लिवलंय न्हवं."